पत्ता सांगून बोला

सुआ-लुनच्या माणसांना काहीही करायला सांगा, करतील. भर उन्हात देवाची पालखी दिवसभर वाहतील, शेजारच्या लग्नातली भांडी न सांगता घासून देतील. पण चार माणसांत, तोंडावर, "मला हे पसंत नाही" एवढं म्हणायला सांगा, की सगळ्यांची दातखीळ बसली म्हणून समजा. बी-हुई इथंच जन्मली होती. देवळाकडं वळणाऱ्या कोपऱ्यावर तिचं खिळे, कुलपं आणि रंगांचं दुकान होतं, आणि वॉर्डाच्या जागा सल्लागार समितीत बसून तिनं ही दातखीळ तीन वर्षं जवळून पाहिली होती. तरीसुद्धा त्या सकाळी स्यू-खिमच्या सोयादुधाच्या गाडीपाशी तिच्या कानावर जे आलं, त्यानं तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कौल लावला? कुणी?"

"खोसाहेबांनी. काल संध्याकाळच्या बैठकीत. तू नव्हतीस ना." स्यू-खिम कढईतल्या कणकेच्या कांड्या उलटत होती आणि वर मान करत नव्हती. "साहेब म्हणाले, आपण नऊ डोकी भांडत बसण्यापेक्षा देवळातल्या भूमिबाबालाच विचारू. गोदामाची भिंत त्याच्या भिंतीला लागून आहे, शेजारी म्हणून पहिला मान त्याचा. लावला कौल, आणि लागोपाठ तीनदा होकार आला बघ. गोदामाच्या जागी बहुमजली पार्किंग."

"आणि म्हाताऱ्यांचं केंद्र?"

"ते पुढं कधीतरी होईल की. दुसरीकडं."

"दुसरीकडं कुठं? तुझ्या कढईत?"

"माझ्यावर कशाला ओरडतेस बाई सकाळी सकाळी? देवानं सांगितलं. मी काय करू?"

"तू समितीत आहेस, स्यू-खिम! देव नाहीये समितीत!"

गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. स्यू-खिमनं घाईघाईनं दुधाचा पेला पुढं केला, साखर जास्त घालून. कुणी चिडलं की जास्त साखर घालायची, हा तिचा ठरलेला उपाय होता. बी-हुईनं पेला तसाच ठेवला आणि ती दुकानाकडं निघाली.

आता हे गोदाम म्हणजे काय, तर सरकारचं जुनं तांदळाचं गोदाम. कित्येक वर्षं बंद, आत वटवाघळं. नगर कचेरीनं एक दिवस ठरवलं की जागेचं काय करायचं ते राहणाऱ्यांनाच विचारावं. म्हणून वॉर्डात राहणाऱ्या नऊ जणांची समिती केली. तुम्ही सल्ला द्या, त्याप्रमाणे आराखडा करू, असं सांगितलं. आणि समितीनं खरंच काम केलं होतं. घरोघरी गेले, विचारलं, जागा मोजली. सगळ्या गल्ल्यांतून एकच उत्तर आलं, कारण सगळ्या गल्ल्यांत एकच दुखणं होतं. पोरं कामावर, म्हातारे घरात एकटे. तेव्हा गोदामात दिवसाचं केंद्र करायचं. सकाळी म्हाताऱ्यांना आणून सोडायचं, दुपारी गरम भात, कुणीतरी रक्तदाब बघणारं, जरा गाणं-बजावणं, संध्याकाळी आपापल्या घरी. इतकं सरळ होतं. मग गेल्या नव्या वर्षानंतर अध्यक्ष खो बिंग-थाँग यांच्या तोंडी पार्किंग हा शब्द यायला लागला. देवळासमोर त्यांच्या मेव्हण्याचं हॉटपॉटचं, टेबलावरच उकळत्या रश्श्यात शिजवून खायचं, हॉटेल उघडायचं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणालं कुणीच नाही.

बी-हुईच्या दुकानाचं शटर खाली होतं. तिनं कुलूप काढलं, शटर वर ढकललं. आत स्टुलावर तिचे अप्पा बसले होते, अंगात इस्त्रीचा निळा शर्ट, सगळी बटणं लावलेली.

"कुठं उतरायचं?" त्यांनी विचारलं.

"मी आहे अप्पा. बी-हुई."

"हो. पण उतरायचं कुठं?"

सुआ-लुन स्टेशन ते साखर कारखाना या रस्त्यावर अप्पांनी उभा जन्म बस चालवली होती. आता कारखाना बंद, ती बस बंद, आणि अप्पांच्या डोक्यातलं बाकी सगळं हळूहळू बंद होत चाललेलं. बस तेवढी चालू होती. दुकानात खिळे घ्यायला आलेल्या माणसालाही ते विचारत, कुठं उतरायचं? आणि सकाळ झाली की ते बस शोधायला निघत. रेल्वेचा रूळ ओलांडून, चपला घालून किंवा न घालता. एकदा हमरस्त्याच्या मधोमध सापडले होते, हात वर करून ट्रकला थांबवत होते.

त्यानंतर बी-हुईनं दुकानातल्या खिळ्यावरचं एक पितळी कुलूप काढलं. माल पोचवायला जायचं असलं की ती अप्पांना आत ठेवून शटर ओढायची आणि कुलूप लावायची. ज्या बाईनं अख्ख्या वॉर्डाला कुलपं विकली, तिनं शेवटी एक आपल्या बापासाठी काढलं. शटर खाली येताना अप्पा आतून नुसते बघत राहायचे. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला दर वेळी वाटायचं.

काल तिच्यानं ते झालं नाही. पाच मिनिटांचं काम, म्हणून तिनं कुलूप न लावताच शटर ओढलं. परत आली तर स्टूल रिकामं. बैठकीची वेळ तिनं अप्पांना शोधण्यात घालवली, आणि ते सापडले कारखान्याच्या मोडक्या थांब्यावर, अंधार पडताना, कंडक्टरची वाट बघत. त्याच वेळी इकडं कौल लागत होता.

दुपारी तैपेहून भावाचा, बुन-लाँगचा फोन आला. तो कामाचं तेवढंच बोलतो.

"अक्का, काल पुन्हा हरवले म्हणे. मी डोंगरातल्या त्या वृद्धाश्रमात बोलून ठेवलंय. तू म्हणालीस केंद्राचा सल्ला जाणार आहे, म्हणून मी थांबलो. सोळाव्या तिथीला तुमची शेवटची बैठक ना? सल्ला गेला तर अप्पा तुझ्याकडं. नाही गेला, तर मी येऊन घेऊन जातो."

"तिथं त्यांना पलंगाला बांधतात, बुन-लाँग. मी बघून आलेय."

"आणि तू काय करतेस?"

बी-हुईनं फोन ठेवला. तिला भावाचा राग आला, आणि तो खरं बोलला म्हणून दुप्पट आला.

मग तिनं दुकान बंद केलं, अप्पांचा हात धरला आणि ती दारोदार गेली. आधी याप गुरुजींकडं. गुरुजी समितीतले सर्वांत वडील, अर्ध्या वॉर्डाला त्यांनी अक्षरं शिकवलेली. ते पेरूच्या फोडी करत बसले होते. अप्पांना त्यांनी खुर्ची दिली, एक फोड दिली, सगळं प्रेमानं.

"गुरुजी, तुम्हाला पार्किंग हवंय?"

"मला? छे. माझ्याकडं सायकल आहे."

"मग तुम्ही गप्प का बसलात?"

"कौल होता, बाळ. देवापुढं आपण कोण?" गुरुजींनी सुरी पुसली. "आणि खरं सांगू? मला हायसं वाटलं. कुणाचं मन दुखावलं नाही, कुणाशी वाकडं आलं नाही. खोसाहेबांनी देवळाच्या छपराला एवढे पैसे दिलेत. त्यांच्या तोंडावर हात वर करून नाही म्हणायचं, म्हणजे जरा…"

"जरा काय?"

"जरा बरं दिसत नाही."

"आणि माझा बाप पलंगाला बांधलेला बरा दिसेल?"

गुरुजींनी फोड खाली ठेवली. बी-हुई तिथून रंगारी लिमकडं गेली, मग दर्जीण बाईकडं, मग आणखी एकाकडं. सगळीकडं तेच. मलाही केंद्रच हवं होतं ग. माझी सासू बघ ना, अंथरुणातून उठत नाही. पण कौल आला ना. प्रत्येकानं चहा दिला, प्रत्येकानं अप्पांच्या पाठीवरून हात फिरवला. शिव्या दिल्या असत्या तरी तिला सोसल्या असत्या. हे गोडगोड हळहळणं तिला सोसवेना. सगळ्यांनी मिळून एक नको असलेली गोष्ट केली होती आणि केली कुणीच नव्हती. देवाच्या खांद्यावर टाकून सगळे हात झटकून मोकळे!

देवळात पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. देऊळ कसलं, चार माणसं उभी राहतील एवढा गाभारा. आत थो-ती-काँग, आमचा भूमिबाबा, पांढऱ्या दाढीचा, हसऱ्या तोंडाचा, समोर शेंगदाण्याच्या वड्या. राखणदार ओंग काका उदबत्तीच्या भांड्यातली राख चाळत होते.

"काका, कौल लागला तेव्हा तुम्ही इथं होता. खोनं देवाला विचारलं काय?"

"ओठातल्या ओठात बोलला तो. आपण काय, देव ऐकतो म्हटल्यावर कान देत नाही."

"नाव, जन्म, पत्ता सांगितला?"

"म्हणजे काय! त्याशिवाय देवाला कळायचं कसं कोण बोलतंय ते? आणि ह्याची हद्द एवढीच." काकांनी चाळणीनंच दाखवलं. "कालव्यापासून रुळापर्यंत. रुळापलीकडं दुसरा भूमिबाबा. हद्दीबाहेरच्याचं गाऱ्हाणं हा घेत नाही. पोलीस चौकीसारखं आहे बघ."

बी-हुई थबकली. खो बिंग-थाँगचं घर देवळामागच्याच गल्लीत होतं, कागदावर. त्या घराच्या दारातून पपई उगवून वर गेली होती आणि पोस्टमन टपाल भिंतीवरून आत टाकून जायचा. साहेब बायकोमुलांसह काओश्युंग शहरात राहत होते, बंदराकडं तोंड असलेल्या उंच इमारतीत, पोरगं शाळेत जायला लागल्यापासून. चांद्र महिन्याच्या दुसऱ्या आणि सोळाव्या तिथीला पांढऱ्या गाडीतून यायचे, भूमिबाबाला फळं वाहायचे, जमलं तर बैठक घ्यायचे आणि जायचे. समितीत वॉर्डात राहणाराच माणूस बसतो, हा पहिला नियम. हेही सगळ्यांना माहीत होतं. बरं दिसत नाही म्हणून कुणी बोललं नव्हतं, आणि तिनं तरी कुठं तोंड उघडलं होतं? तीन वर्षं तीही त्याच्या समोर बसली होती. या आठवणीनं ती स्वतःवरही संतापली.

"काका, तो देवाशी खोटं बोलेल?"

"बिंग-थाँग?" काका हसले. "पोरगा असताना एकदा बोलला होता. आंबे चोरले आणि इथं उभं राहून म्हणाला, मी नाही घेतले. संध्याकाळी झाडावरून पडून पाय मोडला. तेव्हापासून जगाला टोपी घालेल, ह्याला नाही. जे काय आज आहे ते ह्याच्यामुळं, असं मानतो तो."

"मग त्यानं पत्ता कुठला सांगितला असेल?"

ओंग काकांनी चाळणी थांबवली. भूमिबाबाकडं पाहिलं, बी-हुईकडं पाहिलं, आणि पुन्हा राख चाळायला लागले.

सोळाव्या तिथीला दुकानदार भूमिबाबाला नैवेद्य दाखवतात, त्यामुळं देवळाच्या अंगणात सकाळपासून टेबलं मांडली होती. अननस, उकडलेली कोंबडी, चिकट तांदळाचे केक, बियरचे डबे, देवासाठी जाळायच्या कागदी नोटांच्या चळती. दुपार कलल्यावर त्याच टेबलांतली दोन ओढून समितीची बैठक भरली. नगर कचेरीतून चुंग साहेब आले होते, सुपारी खाल्ल्यासारखं तोंड मिटून बसणारा सरळ माणूस. नैवेद्याला आलेले लोक हलले नाहीत. पुढं काय होतं ते बघायला तेही थांबले.

बी-हुई अप्पांना घेऊन आली. आज शटर ओढायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. त्यांना तिनं पहिल्या रांगेत स्टुलावर बसवलं.

खो बिंग-थाँग उठून उभे राहिले. माणूस देखणा, आवाज मऊ, बोलताना प्रत्येकाकडं बघून मान लववणार.

"आपल्या समितीत तीन वर्षांत एकदाही वाद झाला नाही, याचा मला अभिमान आहे," ते म्हणाले. "गोदामाच्या जागेबद्दल आपण भूमिबाबाला विचारलं. त्यानं तीनदा होकार दिला. तेव्हा चुंग साहेब, सुआ-लुनचा सल्ला एकमतानं, बहुमजली पार्किंग. कुणाची हरकत नाही ना?"

सगळ्यांनी आपापल्या चहाच्या पेल्यात पाहिलं.

"माझी आहे," बी-हुई म्हणाली.

ती उठताना स्टूल मागं पडलं. पडू दे, म्हणाली मनात.

"बी-हुई ताई," खोसाहेब हसले, "तुमचं दुःख मला समजतं. अप्पांची बस मीही लहानपणी रोज पकडायचो. पण कौल झाला. एकच गोष्ट देवाला पुन्हा विचारायची नसते, त्याचा अपमान होतो."

"पुन्हा नका विचारू. कौलही लावू नका. त्या दिवशी जे ओठातल्या ओठात बोललात ते आज मोठ्यानं बोला. देवानं ऐकलंय, आम्हीही ऐकतो. नाव, जन्म, पत्ता आणि प्रश्न."

"हा काय पोरखेळ?"

"पोरखेळ तुम्ही केलात! गल्लीगल्लीतून लोकांनी सांगितलं, आमचे म्हातारे सांभाळायला जागा द्या. ते पायाखाली घातलंत आणि वर देवाचं नाव लावलंत. आणि हे सातजण! ह्यांना पार्किंग नकोय, गुरुजींकडं सायकल आहे, दर्जीण बाईची सासू अंथरुणात आहे, पण ह्यांची जीभ उचलत नाही. देवाला सांगायला लावलं म्हणजे आपलं तोंड गोड राहतं. तो बिचारा दाढीवाला काय नगरसेवक आहे का तुमचा?"

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं.

चुंग साहेबांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "मला एक सांगायचंय. देवाची संमती लिहायला आमच्याकडं जागा नाही. राहणाऱ्यांचा सल्ला काय, एवढंच मला विचारून न्यायचंय."

"मग राहणाऱ्यांना विचारा," बी-हुई म्हणाली. "इथं, ह्याच्यासमोर. प्रत्येकानं उदबत्ती घ्यायची, आपलं नाव आणि पत्ता सांगायचा आणि मग सल्ला द्यायचा. अध्यक्षांपासून सुरुवात."

अंगणात चुळबुळ झाली. मागून एक बाई म्हणाली, "बरोबर आहे की. देवाशी बोललात, आमच्याशी बोलायला काय झालं?" मग दुसरी. मग हॉटेलवाला मेव्हणाच म्हणाला, "दाजी, बोलून टाका ना, त्यात काय एवढं?" मेव्हण्याला बिचाऱ्याला कशाचीच कल्पना नव्हती.

ओंग काकांनी पेटवलेल्या तीन उदबत्त्या खोसाहेबांच्या हातात दिल्या. आता नाही म्हणणं शक्य नव्हतं. पेटलेली उदबत्ती परत कशी देणार? साहेब गाभाऱ्यासमोर उभे राहिले. त्यांनी कोटाचं बटण लावलं, उदबत्त्या कपाळापर्यंत नेल्या.

"भूमिबाबा, मी खो बिंग-थाँग," त्यांचा आवाज खणखणीत होता. जन्माचं वर्ष, महिना, दिवस, सगळं झालं. "राहणार…"

आणि तिथं ते अडकले.

ओठ हलत होते. वर भूमिबाबा हसत होता, तो काय, नेहमीच हसतो. मागं अख्खा वॉर्ड होता. देवळामागची गल्ली म्हणावं, तर समोर ज्यानं पाय मोडला होता तो. खरं म्हणावं, तर मागं हे सगळे. खोसाहेबांच्या मानेवर घाम दिसायला लागला. उदबत्तीची राख वाकली आणि त्यांच्या हातावर पडली. त्यांनी हात हलवला नाही.

"राहणार…" ते पुन्हा म्हणाले.

कुणी मदतीला आलं नाही. या एकाच वेळी सुआ-लुनच्या लोकांची गप्प बसायची सवय कामाला आली.

तेवढ्यात अप्पा उठले. बी-हुई धरायला पुढं झाली, पण ते तिच्या हातातून निसटून सरळ गाभाऱ्यापाशी गेले. निळा शर्ट, बटणं लावलेली. कोटातला माणूस मध्येच अडून उभा आहे, मागं गर्दी तुंबली आहे, हे त्यांना चांगलं दिसत होतं. अशी माणसं त्यांनी जन्मभर पाहिली होती. त्यांनी खोसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"कुठं उतरायचं, बाळ?"

खो बिंग-थाँग यांनी वळून पाहिलं. त्या आवाजाला त्यांनी लहानपणी रोज उत्तर दिलेलं असणार. डोळे भूमिबाबाकडं गेले, आणि अगदी शाळकरी पोरासारखं ते म्हणाले, "काओश्युंग, काका."



"मग ही गाडी तुमची नाही," अप्पा शांतपणे म्हणाले. "ही कारखान्यापर्यंतच जाते. उतरा खाली, मागच्यांना चढू द्या."

खोसाहेबांनी उदबत्त्या भांड्यात खोचल्या. तीनदा वाकून नमस्कार केला, तो मात्र नीट केला. मग ते अंगणातून चालत बाहेर गेले. रस्त्यावर त्यांची पांढरी गाडी दुसऱ्या कुणाच्या तरी स्कूटरींमध्ये अडकली होती, ती काढायला त्यांना बराच वेळ लागला. तोवर सगळे दुसरीकडंच बघत राहिले.

चुंग साहेबांनी घसा खाकरला. "तर राहणाऱ्यांपैकी केंद्राच्या बाजूनं कोण?"

याप गुरुजींचा हात वर गेला. मग स्यू-खिमचा, पिठानं माखलेला. मग रंगारी लिम, दर्जीण बाई, एकेक करून सगळे. मागं नैवेद्याला आलेल्यांनीही हात वर केले, त्यांचा काही संबंध नसताना.

बी-हुईनं ते हात पाहिले. तिला रडू येईल असं लोकांना वाटलं असेल. तिला राग आला. असा राग आला, की तिचा आवाज फाटला.

"आता वर झाले? आता? त्या संध्याकाळी हे हात काय दुखत होते? हा म्हातारा मोडक्या थांब्यावर अंधारात बसला होता, आणि तुम्ही इथं हातावर हात ठेवून बसला होता! ह्याला जे जमलं ते तुम्हा सात शहाण्यांना जमलं नाही. ह्याला स्वतःचं नाव आठवत नाही!"

"चुकलं, बी-हुई," गुरुजी म्हणाले.

"चुकलं म्हणून चहा पाजू नका मला. सल्ला गेला, पण ते केंद्र उभं राहायला दोन पावसाळे जातील. तोवर मी ह्यांना कुलूप लावू?" ती थांबली. हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आता सगळ्यांसमोर बोलून बसली होती. "हो, कुलूप. मी लावते. माझ्याच दुकानातलं. ते उघडायचं असेल तर या इकडं, घ्या उदबत्ती, आणि सांगा भूमिबाबाला, कोण कुठल्या वारी अप्पांना सांभाळणार. नाव, पत्ता सांगून. ओठातल्या ओठात नाही."

क्षणभर पुन्हा ती जुनी दातखीळ बसते की काय, असं वाटलं. मग स्यू-खिमनं कमरेच्या फडक्याला हात पुसले आणि ती पुढं आली. तिनं उदबत्ती घेतली, नाव सांगितलं, जन्म सांगितला, देवळासमोरची गल्ली, दुधाच्या गाडीमागचं घर असा पत्ता सांगितला, आणि इतक्या मोठ्यानं म्हणाली की रुळापलीकडच्या भूमिबाबालाही ऐकू जावं, "सोमवार माझा."

तिच्यामागं गुरुजी उभे होते. गुरुजींच्या मागं रांग लागली.

संध्याकाळी बी-हुईनं बुन-लाँगला फोन केला, कामाचं तेवढं बोलली आणि ठेवून दिला. मग तिनं शटरचं पितळी कुलूप काढलं, तेलाच्या फडक्यानं पुसलं, दोन्ही किल्ल्या त्याला बांधल्या आणि बाकीच्या कुलपांसोबत विकायच्या खिळ्यावर अडकवलं. अप्पा दारात स्टुलावर बसले होते, रस्त्याकडं तोंड करून. जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारत होते कुठं उतरायचं, आणि आज पहिल्यांदाच लोक थांबून, नीट, पत्ता सांगत होते.